गिअर मोजू नका, दोन गिअरांमधले अंतर मोजा

जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली की मालकाच्या कानावर दोन सल्ले पडतात. एक पक्ष म्हणतो, चार गिअरचा जमाना संपला, पाच गिअरचा बॉक्स बसवा आणि मोकळे व्हा. दुसरा पक्ष म्हणतो, कारखान्यातून जे आले त्याला हात लावणे पाप आहे. गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही. पारनेर तालुक्यातल्या माणसाने तो सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर दोन्ही पक्षांना खोटे पाडते.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. आज एमजी म्हटले की लोकांना शोरूममधल्या नव्या एसयूव्ही आठवतात. मी बोलतो आहे ती इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या दोन सीटच्या उघड्या गाडीबद्दल. इंजिन १७९८ सीसीचे, ताकद साधारण ९५ अश्वशक्ती, चाल मागच्या चाकांना. या गाडीचे मूळ बॉक्स आणि तिला बसवले जाणारे पर्यायी बॉक्स, सगळ्यांचे आकडे उपलब्ध आहेत. त्यामुळे वाद मतांवर न लढता गणितावर लढता येतो.

आधी पाच गिअरवाल्यांचे म्हणणे नीट मांडू. ते म्हणतात, चौथ्यात इंजिन ओरडते, लांबच्या प्रवासात कान किटतात, पाचवा गिअर आला की इंजिन शांत होते. जुने सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसवणाऱ्या रिंगा, झिजतात आणि गिअर टाकताना खरखर होते. आणि जुन्या बॉक्सचे भाग आणायचे कुठून? यातल्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवरचा उपाय चुकीचा आहे.

पहिला मुद्दा पाचव्या गिअरचा. एमजीबीला नेहमी बसवला जाणारा एक पर्याय म्हणजे फोर्ड सिएराचा टाइप नाइन. चार सिलिंडरच्या गाड्यांतील त्याचे गुणोत्तर ३.६५, १.९७, १.३७, १ आणि ०.८२. एमजीबीचा १९६८च्या मॉडेलपासूनचा, चारही गिअरांना सिंक्रो असलेला बॉक्स ३.४४, २.१७, १.३८ आणि १ असा आहे. त्याच्या मागे लेकॉक कंपनीचे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बटणाने चालू-बंद होणारी जादा गिअरजोडणी, बसवलेले असेल तर तेही ०.८२च देते. म्हणजे ज्या शांततेसाठी एवढा खर्च करायचा, ती शांतता मूळ बॉक्समध्ये अगदी त्याच आकड्यावर मिळते. चौथ्यात ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३४७० फेऱ्यांच्या आसपास फिरते, ओव्हरड्राइव्हमध्ये २८५०च्या. फोर्डचा पाचवा गिअर यात एका फेरीचीही बचत करत नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. गिअरबॉक्स म्हणजे विहिरीच्या पायऱ्या. पायऱ्या किती यापेक्षा दोन पायऱ्यांमधली उंची किती, यावर चढणे सोपे की अवघड ते ठरते. फोर्डच्या पहिल्या-दुसऱ्यात १.८५ पटीची उडी आहे, एमजीच्या पहिल्या-दुसऱ्यात १.५९ पटीची. पहिल्यात ५००० फेऱ्यांपर्यंत नेऊन दुसरा टाकला, तर एमजीचे इंजिन ३१५०वर येते आणि फोर्डच्या बॉक्सबरोबर २७००वर. या इंजिनाचा जोर ३००० फेऱ्यांजवळ भरात असतो. एक बॉक्स तुम्हाला त्या भरात उतरवतो, दुसरा त्याच्या खाली सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्यातली उडी फोर्डची लहान आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे: तिथे १.४४ विरुद्ध १.५७. पण आपल्या भागात गाडी सर्वांत जास्त अडते ती गावागावांतल्या गतिरोधकांवर आणि घाटाच्या वळणांवर. ताशी २० किलोमीटरला दुसऱ्यात एमजीचे इंजिन १५०० फेऱ्यांवर चालते, फोर्डच्या बॉक्सवर १३७०वर. वजन आणि चढ दोन्ही असताना तेवढा फरक दुसऱ्यात सहज निघणारी गाडी आणि पहिल्यावर यावे लागणारी गाडी वेगळी करतो.

माझदा एमएक्स-५चा पाच गिअरचा बॉक्सही सुचवला जातो. तो सुंदर बॉक्स आहे, हातात इतका नेमका पडतो की वापरणारा त्याच्या प्रेमात पडतो. पण त्याचा पहिला गिअर ३.१३६ आहे आणि माझदाच्या मूळ गाडीत त्याच्या मागे ४.३चे डिफरन्शिअल होते. दोन्हींचा गुणाकार १३.४८. एमजीबीचे डिफरन्शिअल ३.९०९ आहे. तिथे तोच बॉक्स १२.२६ देतो, तर एमजीचा स्वतःचा पहिला गिअर १३.४५. म्हणजे माझदाचा बॉक्स माझदात जेवढा जोर देत होता, तेवढाच एमजीचा बॉक्स एमजीत देतो. एका गाडीतून उचलून दुसरीत टाकला की हा मेळ मोडतो आणि चढावर गाडी उचलताना क्लच प्लेट जळायला लागते. बॉक्सची तुलना डिफरन्शिअलला सोडून करणे म्हणजे अर्धीच तुलना करणे.

आपल्या गॅरेजमध्ये मिळणारा तिसरा सल्ला, जीपवर्गातल्या डिझेल गाडीचा बॉक्स बसवण्याचा. त्याचे खंडन थोडक्यात होते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करते आणि त्याच्या बॉक्सचे दात त्या हिशोबाने कापलेले असतात. ५४०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देणाऱ्या पेट्रोल इंजिनाला तो बॉक्स जोडणे हे बॉक्सवरही अन्याय आहे आणि इंजिनावरही.

आता खरखरीचे. गिअर खरखरतो म्हणून बॉक्स फेकायला निघालेल्या माणसाने आधी त्यातले तेल काढून पाहावे. आपल्याकडे कोणताही गिअरबॉक्स दिसला की नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरायची सवय आहे. ओव्हरड्राइव्ह असलेल्या एमजीबी बॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० प्रतीचे इंजिन ऑइल घालतात, कारण गिअर आणि ओव्हरड्राइव्ह एकाच तेलावर चालतात. ओव्हरड्राइव्हमधली प्लॅनेटरी गिअरांची जोडणी तेलाच्या दाबावर पकडली जाते आणि चुकीचे तेल तिच्या कामात अडथळा आणते. शिवाय काही गिअर ऑइलांतील गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रो रिंगांना खातात. तेल बदलणे, क्लच पूर्ण सुटतो का पाहणे, मग सिंक्रो रिंगा, बेअरिंग आणि लेशाफ्ट बदलणे, हा खरा क्रम. एवढे केल्यावरही खरखर राहिली तरच पुढचे बोलावे.

भाग मिळत नाहीत, हा आक्षेप तर उलटाच पडतो. एमजीबीच्या बॉक्सचे भाग ब्रिटनमध्ये आजही बनतात. या गाडीची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा तिथे तयार होते. फोर्ड सिएरा भारतात कधी विकलीच गेली नाही. म्हणजे टाइप नाइन बसवला तरी भाग बाहेरूनच आणायचे. वर बेलहाउसिंग, क्लच प्लेट, जुळवून घेतलेला प्रोपेलर शाफ्ट आणि स्पीडोमीटरची दुरुस्ती हा खर्च वेगळा.

पण म्हणून दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य करावे का? मुळीच नाही. जे आले तेच ठेवा म्हणणारे एक गोष्ट विसरतात. ओव्हरड्राइव्ह ही एमजीने स्वतःच १९६३पासून देऊ केलेली जोडणी होती. ज्या गाडीत ती नव्हती तिला त्याच काळची, त्याच जातीची जोडणी बसवणे म्हणजे तिची ओळख पुसणे नव्हे. आणि त्यांच्या अगदी उलट टोकाचे, १९६७पर्यंतच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नाही म्हणून तो सदोष मानणारे, तेही चुकतात. प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्यालाही सिंक्रो नव्हता. त्याच पद्मिनीने मुंबईच्या टॅक्सीचे काम २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत केले. गाडी थांबल्यावर पहिला टाकायचा, चालत्या गाडीत हवा असेल तर डबल क्लच मारायचा, हे कौशल्य आपल्या एसटीच्या आणि मालट्रकच्या जुन्या चालकांच्या हातात होते. ते शिकता येते. त्यासाठी गाडी कापायची गरज नाही.

आता माझी बाजू. १९६८ ते १९७६च्या एमजीबीला तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरांवर ओव्हरड्राइव्ह चालते. १९७७पासून ते फक्त चौथ्यावर राहिले. त्या आधीच्या बॉक्समध्ये चार गिअर दिसतात, पण प्रत्यक्षात सहा गुणोत्तरे आहेत: ३.४४, २.१७, १.३८, १.१३, १ आणि ०.८२. यातले १.१३ फोर्डच्या पाच गिअरांत नाही, माझदाच्याही नाही. आणि आपल्या रस्त्याला नेमके तेच हवे.

पारनेरहून टाकळी ढोकेश्वरमार्गे आळेफाट्याकडे, पुढे ओतूर आणि माळशेज घाट. किंवा भाळवणीवरून अहिल्यानगरकडे. या रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे पिकअप, मध्येच एखादे गाव. वेग ताशी ६० ते ८०च्या दरम्यान सतत वरखाली होतो. ताशी ७०ला तिसऱ्यात इंजिन ३३५० फेऱ्यांवर असते, चौथ्यात २४३०वर. ट्रॉलीमागे चालताना तिसरा ओरडतो आणि चौथ्यात ओलांडायला दम राहत नाही. तिसऱ्याच्या ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन २७५०वर राहते. समोरचा रस्ता मोकळा दिसला की बटण बंद करायचे. क्लच न दाबता गाडी ३३५०वर येते आणि ट्रॉली मागे पडते. पाच गिअरच्या बॉक्समध्ये हे करण्यासाठी क्लच दाबून चौथ्यावरून तिसऱ्यावर यावे लागते. रोज या रस्त्यावर चालवणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत सांगावी लागणार नाही.

कायदाही थोडा पाहू. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण ते मूळ रूपात असावे लागते आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा लागतो. गिअरबॉक्सचे नाव त्यात नाही. मात्र १९६७पर्यंतच्या एमजीबीत नंतरचा रुंद बॉक्स बसवायचा तर त्यावरचा पत्र्याचा बोगदा कापावा लागतो, आणि तो बोगदा बॉडीचाच भाग आहे. १९६७ची गाडी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिचे मोल ज्या पत्र्यात आहे, तोच पत्रा कापून आपण काय मिळवणार?

पाच गिअरचा बॉक्स कधीच बसवू नये असे मी म्हणत नाही. मूळ बॉक्सचे कवच फुटले असेल, किंवा गाडी आली तेव्हाच बॉक्स गायब असेल, तर बसवा. तेव्हा तीन अटी पाळा: पत्रा कापायचा नाही, डिफरन्शिअलशी गुणाकार करून पाहायचा, आणि मूळ बॉक्सचे जे उरले असेल ते तेल लावून जपून ठेवायचे.

आपल्या जिल्ह्यात अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे कोणतेही वाहन चाचणीच्या ट्रॅकवर मोजल्याशिवाय चांगले किंवा वाईट ठरत नाही. जुन्या गाडीच्या मालकानेही तोच दंडक पाळावा. गॅरेजमध्ये कोणी पाचवा गिअर सुचवला की कागद घ्या, दोन्ही बॉक्सची गुणोत्तरे लिहा, डिफरन्शिअलने गुणा, आणि तुमच्या रस्त्यावरचा तुमचा वेग त्यात घाला. हा कागद हातात येईपर्यंत मिस्त्रीला बॉक्स उतरवायला सांगू नका.