शर्यतीची मोटार आणि घरचा रंग

आमचा एक पुतण्या शिक्षणानिमित्त अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत असतो. गेल्या महिन्यांत त्याचें पत्र आलें. चौघां मित्रांनीं मिळून एक खटारा मोटार घेतली असून ती 'लेमन्स'च्या शर्यतींत उतरवावयाची आहे. काका, तिला घरींच रंग कसा द्यावा? आम्ही तरुणपणीं वाड्याचीं कवाडें व तीर्थरूपांची मोटार स्वहस्तें रंगविली होती, ही कीर्ति त्याच्या कानीं असावी.

फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीची ही थट्टा २००६ सालीं सुरू झाली. नादुरुस्त मोटारीला अमेरिकेंत 'लिंबू' म्हणतात. मोटारीवर ५०० डॉलरांहून अधिक खर्च करावयाचा नाहीं, असा दंडक. ब्रेक, टायर व सुरक्षिततेचीं साधनें त्या हिशेबांत धरीत नाहींत. सोंग जितकें चमत्कारिक, तितकें कौतुक अधिक.

पत्रांतील एका ओळीनें मात्र आमच्या पोटांत गोळा आला. दुकानदाराच्या सल्ल्यानें त्यांनीं दोन डब्यांचा, म्हणजे आयत्या वेळीं हार्डनर मिसळावयाचा पॉलियुरेथेन रंग आणला होता. तो घराला लागून असलेल्या मोटारखान्यांत फवारावयाचा होता, आणि त्या घरांत एका मित्राचें सात महिन्यांचें मूल आहे! अशा हार्डनरांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा तुषार श्वासांतून गेल्यास दमा जडूं शकतो, आणि शरीर एकदां बिथरलें कीं पुढें अत्यल्प अंशही सोसवत नाहीं. वास येण्यापूर्वींच अपाय झालेला असूं शकतो. म्हणून कोळशाच्या साध्या मुखवट्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं, नळीनें बाहेरची शुद्ध हवा घ्यावी लागते. डबा न फोडतां परत करा, असें आम्ही त्याच रात्रीं कळविलें. दुकानदारानें तो घेतला नाहीं, पैसे बुडाले. बुडोत.

त्याऐवजीं लोखंडी कठड्यांना लावतात तो तेलरंग घ्यावा आणि स्पंजाच्या रोलरनें द्यावा. मोटार साबणानें धुवून मेणाचा व तेलाचा अंश पुसून काढावा. तो राहिल्यास रंग माशाच्या डोळ्यासारखीं वर्तुळें धरून फाटतो. ३२० नंबरच्या पॉलिशपेपरनें जुनी चकाकी मारावी, उघड्या पत्र्यास प्रायमर द्यावा, मग टर्पेंटाइन घालून रंग दुधाइतका पातळ करावा. पहिल्या हातानंतर खालचें सारें दिसतें. येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. ते जाड थर देतात आणि ओघळ पाडून घेतात. प्रत्येक हात रात्रभर वाळूं द्यावा, दर दोन हातांनंतर पाणी लावून घासावें. पांचसहा हात पुरतात. चकचकीत रंग पत्र्याचा प्रत्येक पोचा दाखवितो, मंद रंग झांकतो. आम्ही मंदच सुचविला. आसनपट्ट्यांवर थेंबही पडूं देऊं नये, द्रावकानें त्यांची वीण कमकुवत होते.

दारें उघडीं हवींत, आणि मोटारखान्यांत गॅसचा बंब असल्यास त्याची ज्योत आधीं विझवावी. तेलरंगाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊं शकतो. त्या पसरून वाळवाव्या.

परवां छायाचित्र आलें. हळदीसारखा पिवळा रंग, ठसठशीत काळा आंकडा, दारावर रोलरचे माग स्पष्ट. मातोश्रींनीं चष्मा लावून तें पुष्कळ वेळ न्याहाळलें. "पोळ्याचा बैल बरा रंगविला आहे," त्या म्हणाल्या, "पण शिंगें कोठें?"