लेकीसाठी संघ पाहताना

मुलीसाठी स्थळ पाहावयाचे म्हणजे काय उस्तवार असते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. घराणे, माणसे, शेतीवाडी, नोकरी, स्वभाव, सारे काही पाहून झाले तरी आणखी दोघांकडे चौकशी केल्यावाचून मनाचे समाधान होत नाही. आयुष्याच्या उतरणीवर हा प्रसंग आम्हांवर पुन्हा आला. मात्र या खेपेस पाहावयाचे होते ते स्थळ नव्हे, फुटबॉलचा संघ. आणि तो आमच्या बारा वर्षांच्या नातीसाठी.

आमच्या पिरनवाडीच्या नाक्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक खानापूरवरून अनमोडच्या घाटाने जातो, दुसरा जांबोटीवरून चोर्ल्याच्या घाटाने. दोन्ही अखेर गोव्यात उतरतात. २०२२ च्या दिवाळीत, नेमक्या पाडव्याच्या दिवशी, चिरंजीव आपल्या मुलीला घेऊन मडगावला गेले. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपान्त्य सामने त्या दिवशी फातोर्ड्याच्या मैदानावर होते. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टींवर हरविले, स्पेनने जर्मनीला एका गोलाने. पोर तेव्हा नऊ वर्षांची होती. रात्री घाटातून परत येताना ती झोपली नाही, असे चिरंजीव सांगतात. पुढे चार दिवसांनी नव्या मुंबईत स्पेनने कोलंबियाला हरवून चषक जिंकला, तेव्हा घरातल्या दूरदर्शन संचासमोर तिने आजीला 'ऑफसाइड' म्हणजे काय ते समजावून सांगितले. आजीला ते कितपत उमगले हा प्रश्न अलाहिदा.

तेव्हापासून अंगणातली तुळस दोनदा मोडली. अखेर यंदा तिने सरळच विचारले, "आजोबा, मी संघात जाऊ?" आम्ही सवयीने म्हणालो, "पाहू."

हे 'पाहू' ऐकून, माहेरपणाला आलेली आमची कन्या एकदम थांबली. वाचकहो, येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. १९८४ साली ही कन्या बारा वर्षांची होती. शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली होती. सामने परगावी होते, मुक्काम एका रात्रीचा. शिक्षक घरी येऊन विनवून गेले. आम्ही त्यांनाही "पाहू" असेच म्हणालो आणि सामन्याचा दिवस निघून जाऊ दिला. मुलीने हट्ट केला नाही की डोळ्यांत पाणी आणले नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती मैदानावर गेली नाही, एवढेच. आम्ही त्याला मुलीचे शहाणपण समजलो. आज ती पन्नाशी ओलांडलेली गृहिणी आहे. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, 'नाही' म्हणायचं असेल तर नाही म्हणा. 'पाहू' म्हणू नका." सौभाग्यवती तेवढ्यात स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पोरगी जाते म्हणते तर जाऊ दे की! तुम्ही आधी चप्पल घाला आणि खरोखरच पाहून या."

म्हणून आम्ही पाहावयास निघालो.

मुलींसाठी चांगले संघ इतके विरळ का, असा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला. बेळगाव हे लष्करी छावणीचे गाव. फुटबॉल येथे नवा नाही. शेजारच्या कोल्हापुरात तर तालमी-तालमींचे संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांपायी पेठा-पेठांत अबोला होतो. पण हे सारे बहुतांशी मुलग्यांचे. ही तऱ्हा आपलीच आहे असेही नाही. ज्या इंग्लंडात हा खेळ वाढला, तेथे १९२० च्या नाताळात एका महिला-सामन्याला पन्नास हजारांवर प्रेक्षक लोटले. आणि लगेच पुढच्या वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद मंडळांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. आपल्या देशात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७५ साली सुरू झाली. १९८० मध्ये कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या, १९८३ मध्ये बँकॉकलाही. गोव्याची योलांडा डिसोझा त्याच पिढीतली. आम्ही कन्येला एका रात्रीच्या मुक्कामाला धाडावयास कचरत होतो, त्याच सुमारास कोणाच्या तरी मुली बँकॉकला खेळून आल्या होत्या! पुढे हा वेल बराच काळ पाण्यावाचून राहिला. आता २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून आपल्या मुली पात्रता फेरीतून आशियाई चषकाला पोचल्या. वेल पुन्हा धरू लागला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आम्ही तीन ठिकाणे पाहिली. नावे सांगत नाही, कारण नावांना येथे महत्त्व नाही.

पहिले ठिकाण शहरात, मोठा बोलबाला असलेले. भिंतीवर चषकांची रांग. प्रशिक्षक बोलण्यात चतुर. मुली किती आहेत, असे विचारताच म्हणाले, "मुलांच्यातच खेळवतो." या वयापर्यंत मुलामुलींनी एकत्र खेळण्यात आम्हांस वावगे दिसत नाही; उलट त्याने मुली धीट होतात. पण पाऊण तास पाहिले, तेव्हा तेथल्या दोन मुलींच्या पायाला चेंडू मोजून चार वेळा लागला.

दुसऱ्या ठिकाणी मुलींचा स्वतंत्र संघ होता. गोवा, कोल्हापूर, बंगळूर येथल्या दौऱ्यांची यादी त्यांनी आमच्या हाती ठेवली. आमचा एक पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीत असतो, त्याची आठवण झाली. तेथे याला 'ट्रॅव्हल सॉकर' म्हणतात. निवडचाचणी घेऊन मुली घेतात, वर्षाला हजारो डॉलर मोजून घेतात, आणि आईबाप शनिवार-रविवार मोटारीत घालवतात. फोनवर तो म्हणाला, "काका, दौरे किती ते विचारू नका. आपली मुलगी त्यांतल्या किती सामन्यांत किती मिनिटं खेळेल, ते विचारा. आम्ही पहिलं वर्ष राखीव खेळाडूंच्या बाकासाठी पैसे भरले." हा प्रश्न आम्ही दुसऱ्या ठिकाणी विचारला. उत्तर मिळाले, "ते तिच्या तयारीवर." मग दौऱ्यावर मुलींसोबत कोणती बाई असते, असे विचारले. त्यावर, "सर स्वतः असतात की!" असे उत्तर आले.

या उत्तराने आम्ही उठलो. कोणावर संशय घ्यावा असा आमचा हेतू नव्हता. पण २०२२ सालीच, युरोपच्या दौऱ्यावर गेलेल्या सतरा वर्षांखालील आपल्या राष्ट्रीय मुलींच्या संघातील साहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठविण्यात आले आणि पुढे कामावरून काढून टाकण्यात आले, हे साऱ्या देशाने वाचले आहे. राष्ट्रीय संघात जे घडू शकते, ते गल्लीतल्या संघात घडणार नाही असे कोणी सांगावे? संघासोबत जबाबदार स्त्री असणे, मुलींची खोली निराळी असणे, प्रशिक्षकाने कोणाही मुलीस एकटीला वाहनातून न नेणे, आणि पालकांना केव्हाही मैदानावर येण्याची मुभा असणे, या चार गोष्टी मागताना कोणीही संकोच करू नये. ज्याला त्या मागण्यांचा राग येतो, त्याच्याकडे लेक पाठवू नये.

तिसरे ठिकाण घराजवळ, एका शाळेच्या मैदानावर. मुली अवघ्या चौदा. चषक एकही नाही. शिकविणारी तरुणी स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, आणि प्रशिक्षकाचा रीतसर परवाना घेतलेली. चेंडू लहान दिसला, म्हणून आम्ही विचारले. ती म्हणाली, "बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, मग पाच नंबरचा." सरावाच्या आरंभी वीसेक मिनिटे मुली धावत, उड्या मारीत, एका पायावर तोल सांभाळीत होत्या. हा वेळ फुकट जातो असे आम्हांस वाटले. पण तिने समजावले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलग्यांच्या दुपटीहून अधिक असते. उडी मारून पाय नीट टेकविण्याचा हा व्यायाम नेमाने केला, तर दुखापती निदान एक-तृतीयांशाने घटतात, असे जागतिक फुटबॉल महासंघाच्या या कार्यक्रमावरील पाहण्यांतून दिसून आले आहे. डोक्याने चेंडू मारणे ती लहान मुलींना शिकवीत नाही. अमेरिकेतही दहा वर्षांपर्यंत त्यास मनाई आहे.

आणखी एक गोष्ट तिने हळूच सौभाग्यवतींना विचारली : मुलीचे रक्त तपासले आहे काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींत रक्तक्षय आढळला होता. धावणाऱ्या मुलीला दम लागतो, तेव्हा आपण तिला नाजूक म्हणतो; वस्तुतः तिच्या ताटात पालेभाजी, कडधान्य, गूळ-शेंगदाणे कमी पडलेले असतात. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ शौचगृह आहे काय, हेही पाहावे. ते नसले म्हणजे मुली पाणी पिणे टाळतात, आणि महिन्यातले चार दिवस सरावाला येत नाहीत.

येथे भाषेचाही एक प्रश्न निघाला. सरावाच्या हाका अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत. शेजारच्या एका गृहस्थांनी भुवया उंचावल्या. आमचे मत निराळे आहे. घरी शुद्ध मराठी बोलणारी, वाचणारी मुलगी मैदानावर कन्नड शिकली तर तिच्या मराठीला धक्का लागत नाही. उद्या राज्याच्या निवडचाचणीला ती बंगळूरला गेली, तर पास मागताना तिला कोणाचे तोंड पाहावे लागणार नाही. बडोदे, इंदूर, तंजावर येथील आमच्या वाचकांना हे नव्याने सांगावयास नको.

खर्चाचा हिशेब मात्र वर्षाचा करावा, महिन्याचा नव्हे. शुल्काखेरीज बूट, नडगीचे पॅड, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, प्रवासातील जेवण, सारे लिहून मागावे. वाढत्या पायाला महागडे बूट घेऊ नयेत. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून सरकारी साध्या बसमधून स्त्रियांना राज्यात विनामूल्य प्रवास आहे, तेव्हा बसभाड्याची सबब आता उरलेली नाही. पण वेळेचे भाडे कोणी माफ करीत नाही. सहावी-सातवीच्या मुलीचे रोज दोन तास वाटेत गेले, तर अभ्यास किंवा झोप, एक काहीतरी बुडते.

हे सारे पाहून आम्ही चषक नसलेले तिसरे स्थळ पसंत केले. चूक ठरली तर? दोन वर्षांनी मुलगी त्या संघाच्या पुढे गेली, तर मोठ्या संघाचे दार बंद होत नाही. पण बाराव्या वर्षी बाकावर बसून खेळ नकोसा झाला, तर तो परत आणता येत नाही. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या घरी तसे एकदा झालेले आहे.

गेल्या महिन्यात या संघाचा पहिला परगावचा सामना होता. सोबत जावयास एक बाई हवी होती. आम्ही कोणाचे नाव सुचविण्यापूर्वीच कन्येने सासरहून कळविले, "मी येते." पहाटे नाक्यावर ती मुलींबरोबर गाडीत चढली. तिच्या खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती आणि हातात चौदा जणींच्या नावांचा कागद. संघ तीन गोलांनी हरला. नात उत्तरार्धभर खेळली, एकदा पडली, उठली.

रात्री परतल्यावर कन्या पायरीवर बसून चपला काढीत होती. आम्ही विचारले, "दमलीस?" ती म्हणाली, "दमले. पण आप्पा, पुढच्या सामन्याला मुक्काम आहे. मीच जाणार."

या वेळी आम्ही 'पाहू' म्हणालो नाही.