आई कुठे होती?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात एका मित्राने स्वतःची कथा वाचली. तीन वर्षांचा मुलगा गॅलरीतून पडतो, तेव्हा आई मोबाइलवर रील बघत असते. कथा संपल्यावर सगळे म्हणाले, 'आजचं वास्तव आहे.' मला राग आला. रील हा गुन्हा आणि मुलाचं पडणं ही त्याची शिक्षा, असा सरळ हिशोब होता तो. बाप ऑफिसात होता, म्हणजे सुटलाच.

मुलाला काही झालं की कुणाची तरी चूक हवीच, आणि ती शक्यतो आईची. वाचकालाही हे सोयीचं जातं. चूक सापडली की आपलं मूल सुरक्षित, आपण कुठे तसे आहोत?

रेमंड कार्व्हरची 'अ स्मॉल, गुड थिंग' ही कथा काढून वाचा. 1983 च्या 'कॅथिड्रल' संग्रहात आहे. स्कॉटीला त्याच्या आठव्या वाढदिवशी शाळेत जाताना गाडी धडकते. सोबत मित्र असतो, वेफर्सचं पाकीट असतं. तो उठतो, चालत घरी येतो, आईला सगळं सांगतो आणि सोफ्यावर निपचित पडतो. डॉक्टर म्हणत राहतात, जागा होईल. तो जातो.

आईचं काय चुकलं? काहीच नाही. कार्व्हर तिच्या माथी काहीही मारत नाही. पण अपराधीपण येतंच, भलत्याच वाटेने येतं. ती हॉस्पिटलमधून थोडा वेळ घरी जायला तयार होते, कारण तिला वाटतं, आपण क्षणोक्षणी त्याच्याकडे बघत बसलो नाही तर कदाचित तो जागा होईल. 'लक्ष नव्हतं' म्हणून आपण आयांना झोडपतो, आणि इथे एका आईला आपलं लक्षच आड येतंय असं वाटतं. हे लिहायला रील लागत नाही.

रागाचंही तसंच. मुलगा उठलेला पाहून गाडीवाला केव्हाच निघून गेलेला. हाताशी सापडतो तो बेकरीवाला, वाढदिवसाचा केक न्यायला कुणी आलं नाही म्हणून फोन करून छळणारा. मध्यरात्री आईबाप त्याच्यावर चालून जातात. त्याला मूल गेल्याचं माहीतच नसतं. शेवटी तो त्यांना बसवतो आणि गरम रोल खायला घालतो.

निष्काळजी आईबाप नसतात का? असतात, त्यांच्यावर जरूर लिहा. पण मग त्यांना माणूस म्हणून लिहा. कथेच्या शेवटी फासावर चढवायला आणलेली बाई नको.

मी सात वर्षांची असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर दुधाचं पातेलं कलंडलं. हात भाजला, पण ती वाचली. भेटायला आलेल्या प्रत्येकाने आईला विचारलं, 'तुझं लक्ष कुठं होतं?' बाबा त्याच खोलीत पेपर वाचत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

हे मी त्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, 'पण रील काढलं तर मुलगा पडलाच का?'

मी म्हटलं, 'आता ते लिही.' त्याने अजून पुढचा खर्डा पाठवलेला नाही.