जखमी खेळाडूचे पदक कोणाचे?

महिला क्रिकेट संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. २००५ आणि २०१७ मध्ये अंतिम फेरीत हरल्यानंतर हाती आलेले हे पहिलेच विजेतेपद. आनंदाचे वर्णन आता पुरे झाले. मात्र एक चर्चा लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत, चहाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या ओटल्यावर अजून रंगते. काही जण म्हणतात, "प्रतिका जखमी झाली ते एका परीने बरेच झाले, म्हणून तर शेफाली आली आणि कप आला." दुसरी बाजू विचारते, "मग प्रतिकाने आधी केलेल्या धावा कोणाच्या खात्यावर?" आम्हाला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी घटनाक्रम पाहू. प्रतिका रावल ही दिल्लीची सलामीवीर. तिचा पहिला एकदिवसीय सामना डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच गुजरातेत, वडोदऱ्याला झाला. शेफाली वर्मा एकदिवसीय संघाबाहेर गेली होती आणि ती जागा प्रतिकाला मिळाली. तिने तिचे सोने केले. अवघ्या २३ डावांत हजार धावा झाल्या. विश्वचषकात तिने ६ डावांत ३०८ धावा काढल्या.

या ३०८ धावांची किंमत समजायची तर २३ ऑक्टोबरचा सामना आठवावा. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन सामने हरून आपला संघ अडचणीत आला होता. न्यूझीलंडविरुद्ध हरलो असतो तर उपांत्य फेरी फार अवघड झाली असती. त्या दिवशी सांगलीची स्मृती मानधना आणि प्रतिका यांनी सलामीला २१२ धावा जोडल्या. स्मृतीच्या १०९, प्रतिकाच्या १२२. उपांत्य फेरीचे दार त्या भागीदारीने उघडले.

तीनच दिवसांनी, २६ तारखेला, बांगलादेशाशी सामना होता. आपण आधीच पात्र ठरलो होतो, त्यामुळे निकालाने काही बिघडणार नव्हते. पावसाने मैदान ओले होते. सीमारेषेजवळ चेंडू अडवताना प्रतिकाचा पाय मुरगळला, घोटा आणि गुडघा दुखावला आणि तिची स्पर्धा संपली. सामनाही पावसाने वाहून गेला.

तिच्या जागी बोलावले शेफालीला. ती मूळ पंधरांत नव्हती, राखीव यादीतही नव्हती. वर्षभर एकदिवसीय सामना खेळलेली नव्हती. उपांत्य सामन्यात तिला १० धावाच करता आल्या. अंतिम सामन्यात मात्र ७८ चेंडूंत ८७ धावा, वर २ बळी, आणि सामनावीराचा मान. सुरतकरांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, शेफालीने भारतासाठी पहिला सामना खेळला तो आपल्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर. समोर दक्षिण आफ्रिकाच होती आणि ती शून्यावर बाद झाली होती.

शेफालीच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. दीप्ती शर्माचे ५ बळी, जेमिमा रॉड्रिग्जची उपांत्य सामन्यातली नाबाद १२७ ही खेळी, प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांची मेहनत, हे सगळे त्या कपात आहे. प्रश्न पदकाचा आहे. नियमाप्रमाणे पदके फक्त पंधरा जणींना. बदली खेळाडू यादीत आली की जखमी खेळाडूचे नाव यादीतून जाते. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवर बसून जल्लोषात सामील झालेल्या प्रतिकाच्या गळ्यात त्या रात्री स्वतःचे पदक नव्हते. पुढे आयसीसीचे अध्यक्ष जय शहा यांनी लक्ष घातले आणि तिच्या पदकाची व्यवस्था झाली. चांगले झाले. पण एका मोठ्या माणसाच्या सद्भावनेने जे मिळाले, ते नियमानेच मिळायला हवे होते. पुढच्या वेळी एखाद्या छोट्या देशाची मुलगी जखमी झाली तर तिच्यासाठी कोण फोन करणार?

हा प्रश्न जुना आहे. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज फ्रान्सविरुद्ध जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल केले आणि तो अजरामर झाला. तेव्हा पदके फक्त मैदानावरच्या अकरा जणांना मिळत. ग्रीव्ह्जला पदक मिळाले ते २००९ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. फुटबॉलने उशिरा का होईना, नियम सुधारला.

आपल्या माणसांना यात नवे काही वाटू नये. खान्देशातून आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल लूम, डाईंग मिल आणि मार्केटच्या मजुरीवर चालते. मशीनवर बोट गेले की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा कारागीर उभा राहतो. यात शेठ किंवा बदली कारागीर यांचा दोष काढता येत नाही, मशीन बंद ठेवून कोणाचेच पोट भरत नाही. अडचण दिवाळीला येते. अकरा महिने राबलेल्या माणसाला "तू सध्या कामावर नाहीस" असे ऐकवले जाते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने ठरवले की, कामावर आणि कामामुळे झालेल्या अपघाताने तात्पुरते अपंगत्व आले असेल, तर त्या गैरहजेरीचे दिवस कामाचेच दिवस धरायचे. म्हणजे जी गोष्ट क्रिकेटच्या नियमाला २०२५ मध्ये सुचली नव्हती, ती आपल्या देशात साठ वर्षांपूर्वी कागदावर आली होती. पण कागदाचा उपयोग रजिस्टरवर नाव असलेल्यालाच होतो. ठेकेदारामार्फत, पीस-रेटवर काम करणाऱ्याकडे बहुतेक वेळा ना हजेरीचा पुरावा असतो ना पगाराची चिठ्ठी. बँकेत एक साधा नियम असतो: ज्याची नोंद नाही, ते घडलेच नाही असे धरले जाते. म्हणून घरातल्या कमावत्या मुलांना आमचे सांगणे आहे की हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचा क्रमांक जपून ठेवा, आणि पगार शक्यतो खात्यातच घ्या.

आपल्या मंडळातही सुरुवात करता येईल. नीलगिरी मैदानावर आपली पोरे टेनिस बॉलचे सामने खेळतात, गणेशोत्सवात स्पर्धा होतात. स्पर्धेत एक सामना जरी खेळला असेल, तरी त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव विजेत्या संघाच्या यादीत लिहावे. पाय मोडून घरी बसलेल्यालाही बक्षीस समारंभाला बोलवावे आणि एक पदक जास्तीचे आणावे. त्याला फार खर्च येत नाही.