बुजुर्गांचा विसर आणि लपवलेली बाटली

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते. अलीकडे गडचिरोली जिल्हा, १९९३ पासून दारूबंदीचा. पलीकडे चंद्रपूर, तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा नदीपाशी बदलतो, मोहाची दारू मात्र दोन्ही काठांवर गाळली जाते. आपल्या घरांत ती शिरत नाही, असे आपण म्हणतो. म्हणतो, एवढेच.

‘खम्र’ हा शब्द ज्या मुळाचा, त्याच मुळाची ‘खिमार’ म्हणजे ओढणी. अर्थ झाकणे. जी अकलेवर पडदा टाकते ती खम्र, अशी व्याख्या हजरत उमर (रजि.) यांनी केली. सत्तरीच्या माणसात हा पडदा लवकर पडतो आणि उशिरा उठतो. वयाबरोबर शरीरातले पाणी कमी होते, म्हणून तेवढाच घोट रक्तात जास्त चढतो. त्यात झोपेची गोळी असेल तर विचारूच नका.

‘म्हातारपणी थोडी घेतली की डोके तल्लख राहते’ हेही कानावर येते. जुन्या पाहण्यांत थोडी पिणारे खरेच बरे दिसत. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जात. मग ती रांग अशक्त दिसणारच! २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५५० जणांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रोज दीड-दोन छोटे पेग घेणाऱ्यांतही मेंदूचा स्मरणाशी संबंधित भाग आक्रसलेला आढळण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती. थोडी पिणाऱ्यांना फायदा दिसलाच नाही.

पण मला लिहायचे आहे ते लपवण्याबद्दल. अब्बा विसरतात, चालताना झोकांड्या जातात, न घडलेले घडल्यासारखे सांगतात. घरचे म्हणतात, वय झाले. नेहमी पिणाऱ्याच्या शरीरात ब१ जीवनसत्त्व उरत नाही, त्यानेही असे होते. वेळेवर त्याची इंजेक्शने मिळाली तर पुष्कळ सावरते. उशीर झाला तर गेलेली आठवण बहुधा परतत नाही. डॉक्टरला दारूचे सांगितलेच नाही तर तो ब१ चा विचार करेलच असे नाही.

दुसरी गोष्ट रमजानची. वर्षानुवर्षे रोज पिणारा चांद दिसताच एकदम सोडतो. नियत नेक आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भलतेच काही दिसू लागते, झटकेही येतात. कुणी रोजा लागला म्हणते, कुणी झाडफूंक करणाऱ्याला आणते. हा दारू अचानक तुटल्याचा परिणाम असतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तौबा जरूर करावी. शाबान महिन्यातच डॉक्टरला भेटून, त्याच्या औषधाखाली सोडावी. थरथर सुरू झालीच तर थेट दवाखाना गाठा.

तिथे तीन गोष्टी खऱ्या सांगा: किती वर्षे, रोज किती, शेवटची केव्हा. अब्बांसमोर जीभ रेटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.