तारण मंडळीच्या वहीत नसते

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि निघताना नवा करार हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती घरांत ही कथा आवडीने सांगतात. १९१७ ची कथा मात्र तितकी सांगितली जात नाही. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ उभारला. मिशनची चौकट हेच माप धरले, तर ते वाट सोडून गेले असे म्हणावे लागेल. पण ख्रिस्तावरची त्यांची भक्ती १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तसूभरही कमी झाली नाही. तारण मिळालेला माणूस ते गमावू शकतो का, हा वाद जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा मला टिळकांची आठवण होते. माझे उत्तर आहे, नाही. आणि ‘अमक्याने तारण गमावले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण मोजत असतो ते मंडळीतली हजेरी, मिशनशी असलेले नाते किंवा बाप्तिस्म्याची तारीख.

बाप्तिस्म्याची तारीख किती अपुरी पडते, हे पंडिता रमाबाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिले. मधल्या काळात त्या ख्रिस्ती गोटातून बाहेर पडल्या असत्या, तर लोकांनी ‘तारण गमावले’ असा शिक्का मारला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल हेच म्हटले आहे: ते मुळात आपल्यातले नव्हते, असते तर राहिले असते. हा युक्तिवाद सोयीचा वाटतो, कारण कोणीही गेला की ‘तो खरा नव्हताच’ म्हणून मोकळे होता येते. हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच कोण खरा आणि कोण खोटा, हा निकाल माणसाने देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. गेलेला माणूस परत येणार नाही हे तरी आपल्याला कुठे ठाऊक असते?

याहून वजनदार आक्षेप इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला आहे. कृपेचा अनुभव घेऊन जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा तिथला इशारा आहे. तारण गमावता येते असे शिकवणारे याच वचनावर बोट ठेवतात. पण हे वचन त्यांच्याही शिकवणीत बसत नाही. वेस्ली यांच्या मेथडिस्ट परंपरेत घसरलेला माणूस परत उभा राहू शकतो. कॅथलिक परंपरेत घातक पापाने कृपा हरवते, पण पापनिवेदनाने ती परत मिळते. वचनात तर ‘अशक्य’ म्हटले आहे. मग हा इशारा कशासाठी? माझ्या मते, देवाच्या धरून ठेवण्याच्या कामातच तो मोडतो. कड्याशी लावलेली पाटी वाचून माणूस मागे सरकतो, आणि मागे सरकला म्हणून पाटी खोटी ठरत नाही. त्याच पत्रात पुढच्याच काही ओळींत लेखक आपल्या वाचकांविषयी चांगल्या गोष्टींची खात्री व्यक्त करतो, हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आणि योहानकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय तर सगळा भर धरणाऱ्याच्या हातावर देतात. धरलेल्याच्या मुठीवर नव्हे.

मग माणसाने वाटेल तसे वागावे काय? हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता आणि त्याने तो तिथल्या तिथे झिडकारला. ज्याला आपल्या पापाचे काहीच वाटेनासे झाले आहे, त्याला मी ‘तुझे तारण पक्के आहे’ असे सांगणार नाही. तसे सांगायचा अधिकार मला नाही. पण जो रात्रभर भीतीने तळमळतो, आपल्या हातून घडलेल्या एखाद्या गोष्टीने देवाने आपल्याला सोडले असेल असे ज्याला वाटते, त्याला तारण गमावता येत नाही ही शिकवण द्यायलाच हवी. जिथे मंडळी मोजक्या घरांची असते, तिथे पाळकाच्या तोंडून आलेला ‘तू तारण गमावलेस’ हा एक शब्द माणसाला सगळ्या आप्तांपासून तोडू शकतो.

या वादापायी कोणाला तोडण्याची गरज नसते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा संतांची चिकाटी, म्हणजे खरा विश्वासी शेवटपर्यंत टिकतोच हे मत, मानणारी प्रेस्बिटेरियन परंपरा आणि पतन शक्य मानणारी ब्रिटिश मेथडिस्ट परंपरा एकाच मंडळीत आल्या. वाद मिटला नव्हता, तरी प्रभुभोजनाचे मेज एकच झाले. पडलेल्यांना परत घेण्याची साक्ष तर त्याहून जुनी आहे. इसवी सन २५० च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळात अनेकांनी विश्वास नाकारला. त्यांना परत घ्यायचेच नाही असा नोव्हेशियन या धर्मगुरूचा आग्रह होता, पण चर्चने तो मानला नाही. पुढच्या छळात घसरलेल्यांसाठी ३२५ च्या निकिया परिषदेने वर्षानुवर्षांचे प्रायश्चित्त ठरवले. ते कडक होते, पण त्यांना दुसरा बाप्तिस्मा कोणी दिला नाही. आजही पडलेला माणूस मंडळीत परतला, तर तारण गमावता येते असे शिकवणाऱ्या कॅथलिक आणि मेथडिस्ट परंपराही त्याला नव्याने बाप्तिस्मा देत नाहीत. त्याचा पहिला बाप्तिस्माच ग्राह्य धरतात.