पांच सेकंदांचा हिशेब

अमरकोशांत अठरा निमेषांची एक काष्ठा सांगितली आहे. इतकें सूक्ष्म मोजमाप कोणाच्या उपयोगी पडत असेल, असें पाठ करितांना वाटे. परवां त्याचें उत्तर घरींच मिळालें.

झालें असें कीं, वीजबिल भरतांना बँकेच्या पृष्ठावर सहा अंकी सांकेतिक क्रमांक घालावयाचा होता. मुदत एक मिनिटाची. ती तीनदां टळली, व खातें त्या दिवसापुरतें बंद झालें. पुतण्या संगणकशास्त्र शिकलेला. तो म्हणाला, "काका, अशा कामास किती वेळ लागेल हें आधीं कागदावर काढतां येतें."

कार्ड, मोरान व न्यूएल या संशोधकांनीं १९८० सालीं ही रीत अमेरिकेंत प्रसिद्ध केली. कामाचे बारीक तुकडे पाडावयाचे व प्रत्येकास काळ नेमून द्यावयाचा: सराईत बोटानें कळ दाबणें ०.२ सेकंद, माउसनें जागा दाखविणें १.१, माउस व कळफलक यांमध्यें हात नेणें ०.४, आणि मनाची तयारी १.३५. (मनाची तयारी इतक्यांत होते हें वाचून मला हसूं आलें!) मन एकदां तयार केलें, हात माउसवर नेला, रकाना दाखवून कळ दाबली, हात परत आणला व सहा अंक उमटविले. बेरीज ४.६५ सेकंद.

रीत पोकळ नव्हे. न्यूयॉर्ककडील एका टेलिफोन कंपनीचें नवें यंत्र जुन्याहून मंद ठरेल, असें तिच्याच घराण्यांतील एका पद्धतीनें वर्तविलें होतें, व प्रत्यक्ष चांचणींत तसेंच आढळलें. तो वृत्तांत १९९३ सालीं छापला गेला. शिवाय मूळ कर्त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे कीं, हा हिशेब सरावलेल्या व न चुकणाऱ्या मनुष्याचा. दोष त्यांचा नाहीं. तो आंकडा सर्वांस लावणाऱ्याचा आहे. मी स्वतःची प्रश्नपत्रिका पाऊण तासांत सोडवीत असें, आणि मुलांना तीन तास देत असें.

पुतण्यानें मग घड्याळ लावून मला मोजलें. एक मिनिट बावीस सेकंद. अंक उमटविण्यास बावीस. उरलेलें मिनिट चष्मा शोधणें, फोनवरील संदेश उघडणें व अंक पुन्हां पुन्हां पाहणें यांत गेलें. त्यांस कोष्टकांत रकानाच नव्हता.

बिल दुसऱ्या दिवशीं भरलें, विलंब-आकारासह.